हो म्हणायचा अधिकार

आमच्या अपार्टमेंटमधली घरं भाड्याने देणाऱ्या बड्या कंपनीच्या होटगी रोडवरच्या ऑफिसात ती बाई मला एकदाच भेटली. मी वाढीव भाड्याच्या करारावर मुकाट सही करायला आलो होतो. माझ्याआधी तिचा नंबर होता; मॅनेजरसमोरच्या खुर्चीत ती ऐसपैस बसलेली.

“मॅडम, भाडं कमी करायचा मला अधिकार नाही,” मॅनेजर म्हणाला.

“मग नाही म्हणायचा तरी कुटनं आला? ज्यांना अधिकार हाय, त्यांना फोन लावा की. मी बसते.”

पदराने चष्मा पुसत ती खरंच बसून राहिली. शेवटी त्याने पुण्याच्या हेड ऑफिसला फोन लावून तिच्या हातात दिला.

“सहा वर्षं राहते मी. वरचे तीन फ्लॅट रिकामेच हायत. माझाबी रिकामा पायजे का?”

जुन्याच भाड्यावर तिचा करार झाला. उठताना तिने मला खुर्ची पुढे केली. सहीसाठी काढलेलं पेन मी खिशात ठेवलं आणि बोलायला बसलो.