नत्थुजीचे काळे ब्रश

धामणगावच्या कापसाच्या जिनिंगमधला डायनामो नत्थुजीच्या हाती होता. बाप वांग्याच्या वाफ्यात राबला. हा मात्र लहानपणीच यंत्राच्या नादी लागला. डायनामो दोनशेवीस व्होल्टचा. त्याच्या फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांना टेकून वीज बाहेर आणणारे कार्बनचे काळे ब्रश तो काचकागदावर घासून त्या गोलाईला नेमके बसवी.

ऐन हंगामात ब्रश झिजले. मुंबईहून आलेल्या नव्या मॅनेजरनं तांबं मिसळलेले लालसर ब्रश आणले.

"तांब्यातून वीज जास्त वाहते. बसवा."

नत्थुजीनं ते परत टेबलावर ठेवले. "इथं नाई चालत, साहेब. मुलामा देनाऱ्याच्या डायनामोले हे लागतात. तिथं व्होल्ट पाच-सहा, पन करंट लय. आपला दाब मोठा. ब्रश एका पट्टीवरून दुसरीवर सरकतानी ठिनगी उडते. तिले आवरते तो कार्बनच."

"कुठे शिकलात हे?"

"याच्यापाशी. बारा वर्सं झाले." त्यानं डायनामोकडं बोट केलं.

"बसवता, की दुसरा माणूस बोलावू?"

"बोलवा. माह्या हातानं कापसाच्या घरात इस्तू नाई लागनार."

दुसऱ्यानं ब्रश बसवले. तसा नत्थुजी डायनामोच्या खोलीच्या दारातच आडवा उभा राहिला. "आदी रुई बाहेर काढा, मंगच चालू करा."

मॅनेजर ओरडला. पण रुई वाहणाऱ्या मैनाबाईनं टोपली खाली ठेवली, तिच्यामागं साऱ्या बायांनी. "नत्थुजी म्हनते त पाहूनच घ्या ना, साहेब."

नाइलाजानं खोली रिकामी झाली. डायनामो फिरला, भार पडला आणि ब्रशाखाली निळ्या ठिणग्यांची झालर उठली. नत्थुजीनं काठीला गुंडाळलेली रुई जवळ नेली. ती भप्पकन पेटली. त्यानं ती बादलीत बुडवली, यंत्र थांबवलं, काळवंडलेल्या पट्ट्या घासून साफ केल्या आणि जपून ठेवलेली, चार दिवस निभावेल अशी कार्बनची अर्धी झिजलेली जोडी चढवली. पुन्हा यंत्र फिरवून कोरडी रुई जवळ नेली. या वेळी ती पांढरीच राहिली.

मॅनेजरनं त्याच दिवशी कार्बनचे ब्रश मागवले. मात्र संध्याकाळी नत्थुजीला बोलावून कागद पुढं सरकवला. "सगळ्यांसमोर हुकूम मोडलात. माफी लिहा."

"चूक कोनाची झाली, ते लिहून देतो. चालते?"

मॅनेजरनं कागद आणखी पुढं ढकलला. नत्थुजीनं खुंटीवरचा सदरा काढला आणि तो निघाला.

पुढं त्यानं अकोल्यात, कापूस बाजारामागं, विजेच्या मोटारींच्या दुरुस्तीचं दुकान थाटलं. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, ब्रश मागितला की त्याचा एकच सवाल: "व्होल्ट किती?" उत्तर नाही आलं तर तो त्याला सरळ परत धाडी. "पाहून या. अंदाजानं मी देत नाई."