बांधावरचे नारळ
निंबोळी पेंडीचा कडवट वास आला की मला अकलूजजवळचा एक मळा आठवतो. बहात्तरचा दुष्काळ सरला होता आणि मी शेतीखात्यात नवाच लागलो होतो. तिथल्या बांधावरचे नारळ फुलायचे, पण बोराएवढी झाली की फळं गळून जायची. मळ्यातल्या बाईंचा धाकटा दीर झाडं तोडून ऊस वाढवायला निघाला होता. ती झाडं त्या बाईनंच लावलेली; ती मला म्हणाली, "सायेब, कायतरी करा की." मी बुंध्याभोवती आळं करून शेणखत, पेंड आणि पोटॅश घालायला सांगितलं, खात्याकडून थोडं खत मिळवूनही दिलं. "गुण यायला वर्ष-दीड वर्ष लागेल," असंही बजावलं. दीर कसाबसा थांबला. मग माझी बदली झाली आणि त्या झाडांचा घोर मात्र माझ्यामागे राहिला. पुढे एकदा टेंभुर्णीच्या स्टँडवर मागून हाक आली, "ओ सायेब!" बघतो तर तीच बाई. मी भीतभीत विचारलं, "झाडं आहेत ना?" "हायती की! लई घोस लागल्यात. आता दीरच म्हनतोय, सायेबास्नी इचारून आनखी रोपं आना." माझ्या जिवात जीव आला. आम्ही रोपांचंच बोलत बसलो आणि माझी एसटी निघून गेली. आयुष्यात पुष्कळ गाड्या चुकल्या, पण त्या गाडीचं मला आजही वाईट वाटत नाही.