फाटकावरची साक्ष

दम्याचा पंप तोंडाशी धरण्याआधी ती इकडेतिकडे पाहायची. कोणी दिसलं, की मगच ओढायची. बहुतेक वेळा फाटकापाशी मीच असे. श्वास रोखून धरायची, सोडायची आणि म्हणायची, "घेतला ना, ताई? तुमी पाह्यलं. आता यायले सांगा."

मुलांनो, 'यायले' म्हणजे तिच्या नवऱ्याला. हे वर्ध्याकडचं जोडपं आमच्या शेजारी राहायचं. तो रायपूरबाहेर सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला होता. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. नवे रुंद रस्ते आखले जात होते, आणि आमच्या ओसऱ्यांवर रोज सकाळी काळी भुकटी साचलेली असे. ती झाडून झाली, की बाई दम्याने धापा टाकत पायरीवर बसायची.

डॉक्टरांनी स्टेरॉइडचा पंप दिला होता. त्याने दमा आटोक्यात यायला हवा होता, येत नव्हता. म्हणजे ही पंप घेतच नसणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

"हवेत फुसफुस करते अन् ठेवून देते," नवरा मला सांगायचा.

"मी घेऊन राहिली ना जी! काहून खोटं बोलू? दम मले लागते का तुमाले?"

मग डॉक्टरांनी कफ तपासायला डबी दिली. तपासणीत काही निघालं नाही. स्टेरॉइडच्या गोळ्याही सुरू झाल्या. तिचा चेहरा सुजून गोल झाला, दम होता तिथेच.

एका दुपारी तिने सहज सांगितलं, की डबी द्यायच्या दिवशी तिने दात घासले, आंघोळ केली, पूजा उरकली, खळखळून चुळा भरल्या आणि मग डबीत थुंकली.

"अहो, छातीतला कफ हवा होता त्यांना!"

"इश्श! एवढ्या मोठ्या डॉक्टरापाशी घाण नेऊ का?"

दुसरी डबी मात्र हवी तशी गेली. तीत जंतू निघाले. डॉक्टरांनी नवऱ्याला बसवून समजावलं, की असे जंतू श्वासनळीत ठाण मांडून बसले, तर सूज कधीकधी निराळीच होते आणि स्टेरॉइडला दाद देत नाही. "दीदी पंप बराबर ले रही थीं," ते म्हणाले.

जंतूंचं तिने काही ऐकलंच नाही. "भैया, फिर से बोलो ना. जरा जोर से."

जंतूंवरचं औषध बरेच महिने चाललं, स्टेरॉइड हळूहळू उतरवलं. दम पुष्कळ कमी झाला. फाटकावरची साक्ष मात्र सुटली नाही.

"माझा विश्वास आहे हो," मी कंटाळून म्हणे.

"असू द्या. पाहा तरी."

पुढे एका हिवाळ्यात ती गेली. इतकी वर्षं ओढून ओढून छातीच थकली होती.

आता ओसरी तिचा नवरा झाडतो. कारखान्याची धूळ त्याच्याही छातीत बसली आहे. झाडून झालं, की तो खिशातून पंप काढतो आणि माझ्या फाटकाकडे पाहतो. मी नसले, तर पंप हातात धरून तसाच थांबतो. माझे गुडघे आता उठू देत नाहीत. तरी उठते, आणि फाटकाशी जाऊन उभी राहते.