पट्टीभर जागा

जागा वाया गेलेली मला बघवत नाही. मोकळा कोनाडा दिसला की तिथे काय मावेल याचा विचार डोक्यात सुरू होतो. प्रवासाचा डबा भरायचा असेल तर तो माझ्याकडे द्यावा, चटणीची वाटीसुद्धा हलणार नाही. हा स्वभाव माझ्या धंद्याला सोयीचा आहे. मी चिपचे नकाशे काढते. सर्किट दुसरं कोणी ठरवतं. त्यातला कोणता ट्रान्झिस्टर कुठे बसेल आणि कोणती तार कुठून जाईल, ते मी ठरवते.

या कामात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. चिप वेगाने चालली पाहिजे, तिने वीज कमी खाल्ली पाहिजे आणि जागा कमी घेतली पाहिजे. या तिघींचं आपसात पटत नाही. वेग वाढवायला दांडगे ट्रान्झिस्टर घातले तर वीज जास्त लागते. जागा वाचवायला तारा खेटून घातल्या तर एकीच्या हालचालीने शेजारची अडखळते आणि वेग पडतो. तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात ते हेच. बंगळुरूच्या ऑफिसात माझं नाव होतं ते जागेसाठी. कुणाचं काही मावेनासं झालं की ते माझ्याकडे यायचं, आणि मी ते बसवून दाखवायचे.

गेल्या वर्षी मी तिथून नंदिगड्ड्याला, आमच्या गावी, घरी आले. आई बेळगावला भावाकडे नातवंडांत रमलेली, इथे आप्पा एकटे. इंटरनेटची तार घरापर्यंत पोचली होती आणि करंट गेला तर इन्व्हर्टर होता. मला इथेच राहायचं होतं, अगदी मनापासून. आमची मॅनेजर खानापूरकडची, माझ्याशी मराठीतच बोलते. ती म्हणाली, "हा एक ब्लॉक तिथून करून दाखव. वेग, वीज, जागा, तिन्ही जमलं तर खुशाल तिथेच राहा. नाही जमलं तर नव्या वर्षात इथे तुझं टेबल तयार आहे." ब्लॉक म्हणजे चिपमधला एक तुकडा. त्याला चारी बाजूंनी ठरलेली हद्द असते.

माझ्या जुन्या खोलीत आप्पांनी भाताची पोती रचली होती. मी म्हटलं, "हलवू नका, मी मावते." मावलेच. खिडकी आणि पोती यांच्या फटीत टेबल बसवलं. खुर्चीत बसायचं तर आडवं शिरावं लागे. आप्पांनी खरंच एकाही पोत्याला हात लावला नाही. मीच नको म्हटलं होतं, तरी मनातून थोडं लागलं.

मे महिन्यात परसात कोनफळं लावायची होती. कोनफळाच्या वेलाला चढायला खांब लागतो, आणि आमच्याकडे वेलाला एक खांब अशी रीत. मी परसात उभी राहिले आणि धंद्याची खोड उफाळून आली. चिपमध्ये आम्ही एक ओळ सुलटी आणि एक उलटी मांडतो, म्हणजे समोरासमोरच्या दोन ओळींना विजेची एकच तार पुरते. तशाच मी कोनफळाच्या दोन ओळी समोरासमोर आखल्या आणि मधे खांबांची एकच रांग ठेवली. आप्पांनी मान तिरकी करून बघितलं.

"म्हंजे खांब निम्मंच लागत्यात?"

"निम्मेच."

"मग ब्येस हाय की!"

रानातून खांब आणायचा कंटाळा त्यांनाही होताच. वाचलेल्या जागेत आम्ही दोघांनी मिळून आणखी ओळी घुसवल्या. अगदी कडेला मात्र चारदोन वेल आप्पांनी सवयीने लांब लांब लावले. पावसाळ्यात वेल असे माजले की जाणारा-येणारा थांबून बघायचा. जोयड्याला जाणाऱ्या जीपमध्ये आप्पा ऐटीत सांगायचे, "पोरीनं चीपवानी लागवड केल्या!"

इकडे माझा ब्लॉक मात्र हटून बसला होता. वेग येईना म्हणून दांडगे ट्रान्झिस्टर घातले, तर वीज फार जायला लागली. ते काढले, तर वेग गेला. मी तारा आणखी आवळल्या, दुसऱ्या वाटेने फिरवल्या, पुन्हा पहिल्या वाटेवर आणल्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. संध्याकाळी आप्पा दारातून विचारत, "जमलं का गं?" मी नाही म्हणून मान हलवली की म्हशीकडे निघून जात. इथेच राहा, असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

डिसेंबरात आम्ही कोनफळं खणली. मधल्या ओळींतून निघाली ती मुळ्याएवढी! वर पानांचं रान आणि खाली ठणठणाट. कडेची तेवढी नारळाएवढी भरली होती. आप्पा कुदळीवर रेलून हसत सुटले. "खांब वाचलं आनि कोनं ग्येली!" मग मलाही हसू आवरेना.

कोनफळांनी मला चिप शिकवली असं मी म्हणणार नाही. तारा एकमेकींपासून दूर ठेवल्या की वेग वाढतो हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. पण त्याला जास्तीची जागा लागते, आणि जागा मागणं म्हणजे माझं नाक कापलं जाणं. त्या दुपारी मुळ्याएवढ्या कोनफळांवरचा राग घेऊन मी टेबलाशी शिरले आणि हद्द विसरून तारा मोकळ्या केल्या. वेग आला. दांडग्या ट्रान्झिस्टरांची गरज उरली नाही, म्हणून वीजही उतरली. फक्त एका बाजूला पट्टीभर जागा हद्दीबाहेर गेली होती, आणि ती शेजारच्या ब्लॉकची होती.

मी मॅनेजरला फोन लावला. "मला पट्टीभर जागा हवीय."

"तुला? जागा?" ती म्हणाली. "तब्येत बरी आहे ना?"

शेजारच्या ब्लॉकवाल्याला विचारून सांगते म्हणाली. तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. एरवी मी कुणाला इंचभर सोडलं नसतं, मग तो मला का सोडेल? दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "त्याच्याकडे त्या बाजूला मोकळंच आहे. घे. आणि इथलं तुझं टेबल मी दुसऱ्याला देतेय."

मी अंगणात पळत जाऊन आप्पांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि कोनफळांची माती झाडत राहिले. एवढंच? मी जरा फुरंगटलेच.

सकाळी उठले तर आप्पा माझ्या खोलीतली पोती ओढून ओसरीवर नेत होते. मी दुसरं टोक धरलं.

"आप्पा, मी मावत होते की. आणि हलवायचीच होती, तर आधी का नाही हलवलीत?"

ते पोतं टेकवून त्यावरच बसले. "आधी रिकामी केली आसती, आनि तू परत ग्येली आसतीस तर? पोती आसली की खोली भरल्यावानी दिसती. रिकामी खोली बघवत न्हाई मला."

मला रडूच आलं. आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्यापुढे धरला आणि दुसरीकडे बघत बसले.

पोती गेल्यावर खोली केवढी मोठी निघाली! टेबल मी मधोमध ठेवलं आहे. चारी बाजूंनी जागा वाया जाते. जाऊ दे.