पडद्यामागची वाटी

"दगडाला घाई नसती," हे जब्बारचाचांचं ठरलेलं वाक्य. वेरूळच्या लेण्यांबाहेर चादर अंथरून चाळीस वर्षं ते स्फटिकाचे दगड विकत आले. घासाघीस करून गिऱ्हाईक उठलं, की चाचा दगड फडक्यात गुंडाळत हेच म्हणायचे. गिऱ्हाईक दहा पावलं जायचं आणि परत यायचं.

हे दगड त्यांनी स्वतः काढलेले असत. खेड्यात कुणाच्या विहिरीला सुरुंग लागला, की धूर विरायच्या आत चाचा दोर धरून खाली. काळ्या खडकाच्या पोकळीत फुललेले स्फटिक ते दोन्ही हातांनी असे उचलत, जसं तान्हं लेकरू उचलावं. एकदा पांढऱ्या सुयांच्या गादीवर हिरवी पाणीदार टोकं असलेला एक दगड निघाला. तो मात्र त्यांनी विकला नाही. बावीस वर्षं तो पेटीत, कापसात झोपून होता.

घर मुकुंदवाडीत, दोन खोल्यांचं. मोठ्या दगडाचा सौदा घरी व्हायचा आणि त्याची एक रीत होती. चाचा गिऱ्हाईकासमोर बसायचे. पडद्यामागं त्यांची बायको चहा टाकायची. भाव मनाला आला नाही, तर ती वाटीवर एक टिचकी मारायची. टिचकी वाजली की सौदा नाही. ती वारल्यावर पडद्यामागं सून उभी राहू लागली, गौहर.

गौहरची लेक जन्नत सात वर्षांची. रडली की तिच्या उजव्या हातातलं बळ जायचं आणि घटकाभरानं परत यायचं. शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्या अरुंद होत चालल्यात. लाखांत एखाद्याला होतं हे. ऑपरेशन लवकर करा. तोवर हिला रडू देऊ नका, फुगा फुगवू देऊ नका; श्वास जोरानं चालला की मेंदूला रक्त आणखी कमी पोचतं. मोठा झटका आला, तर गेलेलं परत येईलच असं नाही."

गौहरच्या नवऱ्यानं, उजैरनं, रिक्षा विकली आणि दुसऱ्याची चालवायला घेतली. जुम्याच्या नमाजानंतर मशिदीत झोळी फिरली. पुंडलिकनगरच्या मीनाक्षीताई, ज्यांचे ब्लाउज गौहर शिवायची, त्यांनी दोनदा मदत केली. तरी दीड लाख कमी पडत होते. तेव्हा चाचांनी पेटी उघडली.

पुण्याचे हिमांशू नावाचे शौकीन गृहस्थ दगड बघायला घरी आले. बराच वेळ त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.

"एक लाख तीस, चाचा."

"साहेब, ह्याच्यासाठी विहिरीत उतरलो तवा दोर तुटता तुटता राहिला. त्या दोराचे तरी पैसे द्या."

"दोर पण सोन्याचा होता का?" हिमांशू हसले.

चाचाही हसले आणि त्यांनी सहज पडद्याकडं पाहिलं.

पडद्यामागं गौहर हिशेब करत होती. वीस हजार आणखी मिळाले, तर पुन्हा कुणाच्या दारात जावं लागणार नाही. मीनाक्षीताईंच्या पायऱ्या तिसऱ्यांदा चढायचं तिच्या जिवावर आलं होतं. तिनं वाटी उचलली. टिचकी मारली.

चाचांनी दगड फडक्यात गुंडाळला. "दगडाला घाई नसती, साहेब."

हिमांशू उठले. गल्लीच्या टोकापर्यंत दहा नव्हे, शंभर पावलं झाली. ते परतले नाहीत. पुढं त्यांचा फोन लागेना.

नवव्या दिवशी दुपारी गौहरनं जन्नतला गरम खिचडी वाढली. पोरीला भूक लागली होती. तिनं घासावर फुंकर मारली, एकदा, दोनदा, मग जोरानं. फुगा नको हे घरात सगळ्यांना पाठ होतं. फुंकर कुणाच्या ध्यानात आली नव्हती. हातातला चमचा ताटात पडला. ह्या वेळी हात घटकाभरानं परत आला नाही.

हिमांशूंचा फोन त्या संध्याकाळी लागला. "मधे दुसरा एक घेतला हो चाचा. आता लाखच देता येतील." चाचांनी घासाघीस केली नाही. राहिलेल्या पन्नास हजारांसाठी गौहर मीनाक्षीताईंकडं गेलीच. त्यांनी काही विचारलंसुद्धा नाही. चेकवर सही करून म्हणाल्या, "अगं, आधी का नाही आलीस?"

ऑपरेशन झालं. पोर वाचली, पण उजवा हात लुळा राहिला.

विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला चाचा एकच सांगत, "माझी हाव नडली." वाटीचं नाव त्यांनी कुणापुढं काढलं नाही, उजैरपुढंही नाही. वेरूळला ते आता गिऱ्हाईक म्हणेल त्या भावाला दगड देतात. बाजूचा गोकुळ चिडवतो, "चाचा, आमचं दुकान बंद पाडता का?" चाचा नुसते चादर झटकतात.

परवा सकाळी ते पिशवी घेऊन निघाले, तेव्हा गौहर दारात आडवी आली.

"अब्बा, त्या दिवशी वाटी मी वाजवली होती."

"कसली वाटी? सुरुंगांच्या बारांनी माझे कान कवाच गेलेत, बेटा. मला काय ऐकू येतंय?"

"खोटं नका बोलू."

"भाव मी धरला. धंदा माझा, जबान माझी." त्यांनी वाकून चपला घातल्या. उंबऱ्यावर बसलेल्या जन्नतनं डावा हात हलवला. चाचांनी तिच्या उजव्या हाताचं बोट हातात घेतलं, जरा वेळ धरलं आणि निघाले.

ते दोन घरं पलीकडच्या किराणा दुकानापर्यंत पोचले. गौहर अगदी हळू, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "अब्बा, माफ करा."

चाचा थांबले. मागं वळले नाहीत. खांद्यावरची पिशवी त्यांनी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि बसच्या रस्त्याला लागले. ते वळणाआड होईपर्यंत मायलेकी दारातून बघत राहिल्या.