कांडपाशी रिकामा वेळ

अरे विनू, हे पत्र वाचताना तरी फोन बाजूला ठेव. आपल्या मसाल्याच्या कारखान्याचा खर्च तपासायला तू पुण्याहून साहेब पाठवलेस. त्यांनी आधी नीट आखणी केली, एका किलोला मिरची किती, वीज किती, हात किती. मग घड्याळ घेऊन कांडपयंत्रापाशी उभे राहिले. यंत्रावर काम करणारी आमची शांता अधूनमधून दारात जाऊन मोकळा श्वास घेते. त्यांनी कागदावर लिहिलं, 'रिकामा वेळ'.

मला अशी चीड आली! रिकामी कुठे होती ती? छातीत गेलेलं तिखट बाहेर काढत होती. म्हटलं, "साहेब, तुम्ही तीनदा शिंकत बाहेर पळालात, ते कुठल्या रकान्यात?"

शांता पदराआड हसली. साहेब म्हणाले, "आजी, आमचा वेळ यात धरत नाहीत."

मिरची वाळून वजन घटलं, तर हेच लोक तूट धरतात. मिरचीला कुणी आळशी म्हणत नाही. माणसाची झीज मात्र यांना दिसतच नाही.

शांताचं दारात जाणं बंद करायच्या कागदावर आता तुझी सही तेवढी राहिलीय. सहीआधी एक दुपार इथे कांडपाशी उभा राहा. लवकर ये बाबा.