सुटला की कळवा

सरकारी ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत, फायलींबरोबर आपोआप साठतात! नव्वदच्या दशकात मी अमेरिकेत, चँडलर गावाजवळ अशाच एका ऑफिसात होते. तुरुंगातून कैदी सुटायच्या आधी, त्याने ज्याच्याविरुद्ध गुन्हा केला त्याला कळवायचं, एवढंच आमचं काम.

पहिल्याच महिन्यात एका बाईचा फोन आला. मारहाणीबद्दल तिचा नवरा आत होता.

"तो मंगळवारी सुटणार, असं तुमचं पत्र मिळालं."

मी खूश. "वेळेवर पोचलं ना?"

"आज बुधवार. मेलबॉक्समधून त्यानेच आणून दिलं."

"आता कुठेय तो?"

"बाहेर. गवत कापतोय."

पोलीस दारात पोचेपर्यंत मी तिला फोनवर बोलतं ठेवलं. सुदैवाने तिला काही झालं नाही. पत्रं मात्र त्याच आठवड्यात बंद झाली.

* * *

पत्रांच्या जागी फोन करणारं मशीन आलं. 'निरोप समजला असेल तर एक दाबा.' मूळच्या नागपूरच्या कुसुमकाकूंची पर्स पार्किंगमध्ये एकाने हिसकावली होती, त्यात त्यांचं मनगट मोडलं. यादीत नाव घातल्यावर नंबर तपासायला मशीनने फोन केला; काकू काही 'एक' दाबेनात, म्हणून ते दर अर्ध्या तासाने फोन करी.

"अगं, इतकी चौकशी तर माझा मुलगाही करत नाही!"

* * *

तो पर्सवाला परदेशी नागरिक निघाला. शिक्षा संपल्यावर, देशाबाहेर धाडायचा म्हणून त्याला इमिग्रेशनच्या कोठडीत पाठवलं. माझी बॉस लिंडा हिने तुरुंगात विचारलं, "आम्हाला कळवलं का नाही?"

"सुटला नाही, ट्रान्सफर झालाय. ट्रान्सफर कळवायचा नियम नाही!"

मग मी कोठडीला फोन केला. "तो तुमच्याकडे आहे का?"

"सांगता येणार नाही. त्याची प्रायव्हसी आहे."

पंधरा दिवसांनी काकू भरलेली ट्रॉली दुकानातच टाकून थेट माझ्या टेबलाशी आल्या.

"तो वांगी निवडत होता गं! माझ्या शेजारी उभा राहून!"

कोठडीतून तो जामिनावर बाहेर आला होता, आणि आम्हाला कुणी कळवलं नव्हतं.

* * *

कोठडीतून कुणाला सोडतानाही पीडितांना कळवावं, असं कायद्याचं एक बिल तेव्हा चर्चेत आलं. काकू कमिटीपुढे साक्षीला तयार झाल्या. सुनावणीची तारीख अलीकडे ओढली, आणि तसं काकूंना कुणीच कळवलं नाही!

पुढच्या सुनावणीला मी त्यांना स्वतः घेऊन गेले. एका सभासदाने विचारलं, "आधी कळलं असतं, तर तुम्ही नेमकं काय केलं असतं?"

काकू म्हणाल्या, "दुसऱ्या दुकानात गेले असते."

बिल मात्र कमिटीतच राहिलं.

* * *

बिलाची बातमी पेपरात आली, त्यात आमचा नंबर होता. एका दुपारी कुणा अनोळखी माणसाचा फोन आला. आवाज अगदी नम्र.

"कोण कधी सुटणार ते तुम्ही कळवता ना?"

"हो. तुमचं नाव आमच्या यादीत आहे का?"

"नाही मॅडम, मी कोठडीतून बोलतोय. शिक्षा संपून तीन वर्षं झाली. माझा देश परत घेत नाही, हे लोक सोडत नाहीत."

"मग मी काय करू?"

"मी कधी सुटणार ते तुम्हाला कळलं, तर मलाही कळवाल?"